जुसारा लुआरची आई

तोरितामा गावात जीन्स शिवत नाही असं घर शोधून सापडायचं नाही. मरिनाल्वाच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी होत्या. एकीवर ती बसायची, दुसरीवर तिची धाकटी बहीण क्रेउझा. सकाळी कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे यायचे. मरिनाल्वा मागचे खिसे जोडायची, क्रेउझा चेन लावायची, आणि संध्याकाळी ते गठ्ठे पुढच्या घरी जायचे. धुलाईवाल्यांच्या रंगानं नदी एखाद्या दिवशी निळी तर एखाद्या दिवशी काळी वाहायची, आणि मरिनाल्वाच्या नखांच्या कडा बारा महिने निळ्याच असायच्या. नवरा साओ पाउलोला बांधकामावर म्हणून गेला तो तिकडचाच झाला. एक मुलगी होती, तिला तिनं एकटीनं वाढवलं. जोसेलिया तिचं नाव.

जोसेलियाचं मन शिलाईत कधी रमलं नाही. पाच वर्षांची असताना आईच्या मागे मागे नाचत होती, तेव्हा तापलेल्या इस्त्रीवर पडली आणि उजव्या गुडघ्याच्या मागे इस्त्रीच्या टोकाचा तिकोनी डाग कायमचा उमटला. त्यानंतरही तिचं नाचणं काही थांबलं नाही.

सोळाव्या वर्षी लोकांच्या लक्षात आलं की ही पोरगी अगदी जुसारा लुआरसारखी दिसते. जुसारा म्हणजे त्या काळात फोर्रोच्या नाचगाण्यांमधलं सगळ्यात मोठं नाव. जून महिन्यात साओ जोआओच्या सणाला होळ्या पेटल्या, मका भाजायला ठेवला, आणि जुसाराचं गाणं वाजलं नाही, असं गाव आमच्या मुलखात नव्हतं. पोरीचाही तोच रुंद कपाळाचा चेहरा, तेच किंचित फाकलेले पुढचे दात, हसताना मान डावीकडे टाकायची तीच लकब. दोन हजार दोन साली करुआरूच्या एका रेडिओनं ‘जुसारासारखी कोण दिसते’ अशी स्पर्धा ठेवली. अडतीस मुली आल्या. जोसेलियाचा दुसरा नंबर आला.

“पहिली आली ती परीक्षकाची भाची,” क्रेउझा पुढे कित्येक वर्षं सांगायची. “तिच्यापेक्षा मी बरी दिसते जुसारासारखी!”

कमरेवर हात आणि खांद्यावरून रिबीन, असा जोसेलियाचा फोटो पेपरात आला. त्या फोटोनं पोरीचं डोकं फिरवलं असं मरिनाल्वा म्हणायची. तिनं केस लाल केले आणि पुढच्या जानेवारीत एक बॅग घेऊन रेसिफे गाठलं. दिवसा चपलांच्या दुकानात काम, शनिवार-रविवार कुणाच्या वाढदिवसाला नाहीतर मॉलच्या दारात जुसारा बनून नाचायचं. पण दर रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत तिचा फोन यायचा. आईला ती माइन्या म्हणायची, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, “माइन्या, जेवलीस का?”

दोन हजार चारच्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती म्हणाली, “माइन्या, एक मोठं काम मिळतंय. आत्ता काही सांगत नाही. दृष्ट लागते.”

“कसलं काम? कुणाबरोबर?”

“सांगते गं पुढच्या रविवारी.”

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मरिनाल्वा बेकरीच्या पायरीवर दुपारपर्यंत बसून राहिली, आणि सोमवारी पहिल्या बसनं रेसिफेला गेली. घरमालकीण म्हणाली, बॅग घेऊन गेली, कुठे ते बोलली नाही. पोलीस ठाण्यातला माणूस म्हणाला, एकवीस वर्षांची आहे ना, मग आपल्या मर्जीनं जाऊ शकते. तिनं तक्रार लिहून घ्यायला लावली, पेपरातला फोटो दिला आणि घरी आली.

त्यानंतर सव्वादोन वर्षं दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती रेसिफेला जायची. आधी ठाणं, मग दवाखाने, आणि शेवटी शवागार. तिथे खिडकीत लिंदासी नावाची एक जाडजूड चष्मेवाली बाई बसायची. महिन्याभरात आलेल्या बेवारस बायकांचे फोटो ती एकेक करून काचेवर ठेवायची, आणि मरिनाल्वा मान हलवायची. नाही. नाही. ही पण नाही. एकदा लिंदासीनं खिडकीतून कॉफीचा पेला पुढे केला आणि म्हणाली, “दोना मरिनाल्वा, तुम्ही येता तेव्हा मी देवाला म्हणते, आजही नको.” मरिनाल्वाला ते बोलणं बसमध्ये घरी येईपर्यंत पुरलं.

याच काळात जुसारा लुआरचा अपघात झाला. दोन हजार पाचच्या जूनमध्ये एका कार्यक्रमाहून दुसरीकडे जाताना बँडची बस घाटात उलटली. ढोल वाजवणारा आणि दोन नाचणाऱ्या मुली जागच्या जागी गेल्या. जुसारा आठ महिने कुणाला दिसली नाही. परत आली ती वाळलेली, आवाज खाली उतरलेला, आणि आधी तोकड्या स्कर्टवर नाचणारी बाई आता कायम लांब पँट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून उभ्यानं गाणारी. बँड मालकाचा, नाव मालकाचं. गायिका आजारी पडली की मालक दुसरी उभी करतो हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे कुजबुज व्हायला वेळ लागला नाही. खरी जुसारा अपघातातच मेली, गुपचूप पुरली, आणि तिच्यासारखी दिसणारी कुणीतरी आणून उभी केली. बाजारात लोक हे मिटक्या मारत बोलायचे. मरिनाल्वाच्या कानावरून ते जायचं, पण तिला तिचंच पुरे होतं.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत एक दिवस दुपारी दारात एक उंच, वाकलेला माणूस येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, काखेत फुगलेली फाइल.

“दोना मरिनाल्वा आपणच? मी जेनिवाल. रेसिफेला बसवर कंडक्टर होतो, आता निवृत्त आहे. आपल्या मुलीबद्दल बोलायचं होतं.”

मरिनाल्वाच्या हातातला तुकडा सुईखालीच राहिला. क्रेउझानं उठून खुर्ची दिली.

“सापडली का?” मरिनाल्वानं विचारलं. तिला वाटलं, माणूस ठाण्यातून आलाय.

जेनिवालनं फाइल उघडली. तिच्यात जुसाराचे शेकडो फोटो होते, आधीचे आणि नंतरचे, कानांवर लाल गोल, दातांवर रेघा. हनुवटीवरचा तीळ आधी डावीकडे, नंतर उजवीकडे. नव्या सीडीच्या कव्हरवर ती पाठमोरी, पायाशी पांढरी फुलं. “शेवटचं गाणं उलटं वाजवलं की ‘मी ती नाही’ असं ऐकू येतं,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. “माझी जुसारा गेली, दोना. मी तिच्या पहिल्या कार्यक्रमापासून तिच्या मागे होतो. तिला साधं कबरीवर नाव नाही मिळालं.”

“ऐकून वाईट वाटलं, सेउ जेनिवाल,” मरिनाल्वा म्हणाली. “पण माझ्या पोरीचा काय संबंध?”

त्यानं फाइलच्या तळातून पेपरचं पिवळं कात्रण काढलं. कमरेवर हात, खांद्यावर रिबीन.

“आम्ही इंटरनेटवर चार हजार जण आहोत. वर्षभर शोधतोय की तिच्या जागी उभी आहे ती कोण. या स्पर्धेतल्या अडतीसही मुलींचा माग काढला. सदतीस सापडल्या.” त्यानं कात्रणावर बोट ठेवलं. “ही सापडत नाही.”

“अहो, अपघात झाला जूनमध्ये,” क्रेउझा मध्येच म्हणाली. “आमची पोरगी गेली आदल्या नोव्हेंबरात.”

“मालक लोक आधीपासून दुसरी तयार ठेवतात, दोना. मोठं काम आहे, कुणाला सांगायचं नाही, असं काही बोलली होती का ती?”

हे वाक्य त्यानं सहज विचारलं होतं, त्याला फोनबद्दल काही ठाऊक नव्हतं. क्रेउझानं बहिणीकडे बघितलं, आणि बघितल्या बघितल्या तिला कळलं की आता ही आपल्या हातून गेली.

दुसऱ्या दिवशी मरिनाल्वानं बाजारातून जुसाराच्या नव्या कार्यक्रमाची डीव्हीडी आणली. सतरा वेळा बघितली. अठराव्या वेळी तिला दिसलं, जुसारानं एक बट कानामागे सारली, ती करंगळीनं. जोसेलिया करंगळीनंच सारायची. “बघ,” ती क्रेउझाला म्हणाली, “बघ, बघ, परत लावते.” क्रेउझा म्हणाली, “नाल्वा, अर्ध्या जगातल्या बायका करंगळीनं सारतात.” पण मरिनाल्वाला आता पायात लांब बूट का, तेही समजलं होतं. गुडघ्यामागचा डाग लपवायला. दुसरं काय कारण असणार?

मार्चच्या पहिल्या मंगळवारी ती रेसिफेला गेली नाही.

लोकांना आधी गंमत वाटली. गठ्ठे घेऊन येणारा गाडीवाला ओरडायचा, “काय दोना, लेकीनं अजून बंगला नाही घेतला?” मग हळूहळू सूर बदलला. कुणी दूरच्या गावाहून यायचे, दारासमोर उभे राहून फोटो काढायचे. सायबर कॅफेत तिच्या नावाची चर्चा चालायची. बेकरीवाली पाव देताना अदबीनं बोलायला लागली. रविवारी दुपारी टीव्हीवर जुसारा आली की मरिनाल्वा मशीन बंद करून हात धुऊन, केस विंचरून समोर बसायची. “वाळलीय,” म्हणायची. “जेवत नाही वेळेवर.” कधी कधी पडद्याला विचारायची, “जेवलीस का?”

तिनं बँडच्या पत्त्यावर पत्रं पाठवली. ‘पोरी, मला सगळं कळलंय, तुला बोलता येत नाही हेही कळतं, मी कुणाला सांगणार नाही, फक्त ठीक आहेस एवढं कळव.’ पाचव्या पत्राला छापील फोटो आला. त्यावर ‘प्रेमाने, जुसारा’ अशी सही होती. मरिनाल्वानं जोसेलियाची शाळेची वही काढली आणि दोन्ही नावांतलं पहिलं अक्षर शेजारी ठेवलं. दोन्हीकडे त्याची शेपटी खाली वळून परत वर आली होती. त्या दिवशी ती कित्येक वर्षांनी पोटभर जेवली.

ऑगस्टमध्ये शवागाराचं पत्र आलं. सरकारी कागद, खाली लिंदासीची सही. उसाच्या शेतात मिळालेले एका तरुण बाईचे अवशेष जुन्या तक्रारींशी पडताळून बघत आहोत. तपासणीसाठी आईचं रक्त हवं. तीस दिवसांत यावं.

क्रेउझानं ते मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढला. “मंगळवारी जाऊ. मी येते बरोबर.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे?”

“माझी पोरगी परवा रविवारी टीव्हीवर होती,” मरिनाल्वा म्हणाली. “निळा ब्लाउज घातला होता तिनं. आणि मी कुणाची तरी हाडं बघायला जाऊ?”

“रक्तच द्यायचंय गं. एक सुई टोचतात. ती नसेल तर नसेल, सुटलो.”

“मी गेले तर त्याचा अर्थ काय होतो? मला वाटतं की ती मेली, असाच ना? आई असून मी तिला मेलेली म्हणू?”

क्रेउझा तीन आठवडे मागे लागली. शेवटी भांडण एवढं वाढलं की क्रेउझानं मशीन उचलून स्वतःच्या घरी नेली आणि दोघी बहिणी नाताळपर्यंत बोलल्या नाहीत. पत्र कुठे गेलं ते मरिनाल्वालाही पुढे आठवेना.

अशी तीन वर्षं गेली. सुखाची म्हणावी तर सुखाचीच. पुढे कधीतरी मरिनाल्वा स्वतःच म्हणाली होती की त्या तीन वर्षांत मला झोप लागायची, आणि त्याचीच मला आता लाज वाटते.

दोन हजार दहाच्या जूनमध्ये जुसाराचा कार्यक्रम करुआरूच्या सणात ठरला. जेनिवाल महिनाभर आधीच येऊन बेत सांगून गेला. त्याला मरिनाल्वाला स्टेजसमोर उभं करायचं होतं. गाणं सुरू झालं की तिनं ‘जोसेलिया’ म्हणून हाक मारायची, तो कॅमेऱ्यात टिपणार, आणि खोटी जुसारा सगळ्या देशासमोर उघडी पडणार.

“मला तिला उघडी पाडायची नाही, सेउ जेनिवाल,” मरिनाल्वा म्हणाली. “मला तिला भेटायचंय.”

“एकच गोष्ट आहे, दोना.”

“एकच नाही. तुम्हाला एक मेलेली हवीय. मला जिवंत.”

तरी ती त्याच्याबरोबरच गेली, कारण दुसरं कुणी नेणारं नव्हतं. मात्र दुपारीच, गर्दी व्हायच्या आधी. आदल्या दिवशी तिनं मका किसून, नारळाच्या दुधात शिजवून कंजिका केली होती, वरून दालचिनी, जोसेलियाला आवडायची तशी. डबा फडक्यात बांधून ती मैदानाच्या मागच्या फाटकाशी उभी राहिली. आत कुणीतरी ‘एक, दोन, एक, दोन’ करत माइक तपासत होतं. पहारेकऱ्यानं हुसकलं. ती हलली नाही. त्यानं नाव विचारलं, तिनं सांगितलं, आणि आतून एक बाई आली. “तोरितामाच्या का तुम्ही? पत्रं लिहिता त्या? चला. तुम्ही एकट्या. हे गृहस्थ नाहीत.”

स्टेजमागे पत्र्याची खोली होती. जुसारा लुआर स्टुलावर पाय ठेवून, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. चेहऱ्यावर रंग नव्हता, अंगात जुना टीशर्ट आणि अर्धी चड्डी. ती उठून उभी राहिली.

मरिनाल्वाला दारातच कळलं. उंची वेगळी होती, खांदे वेगळे होते, आणि चेहरा, जवळून, कुण्या परक्या घरचा होता. वयही छत्तीस-सदतीस. पण कळलं म्हणून माणूस लगेच मागे फिरतो असं नाही. ती डबा धरून तशीच उभी राहिली.

“बसा ना,” जुसारा म्हणाली. “तुम्हीच ना माझी आई?” तिनं ते हसून विचारलं नाही, टोमणाही मारला नाही. आवाज फक्त दमलेला होता.

“तुमचा उजवा पाय बघू का?” मरिनाल्वा म्हणाली. “मागून.”

जुसारानं कारण विचारलं नाही. पाठमोरी झाली. दोन्ही पायांच्या कडेनं मांडीपासून पोटरीपर्यंत शस्त्रक्रियेचे व्रण होते, लांब, जाड, ओबडधोबड. मरिनाल्वानं सारं आयुष्य टाके बघण्यात घालवलं होतं. तिनं वाकून, जवळ जाऊन बघितलं. गुडघ्यामागची कातडी कुठेही जोडलेली, बदललेली नव्हती. ती जन्मापासूनची होती आणि तिच्यावर इस्त्रीचा डाग नव्हता.

“आत सळ्या आहेत,” जुसारा म्हणाली. “म्हणून बूट. लोक म्हणतात, काहीतरी लपवते. लपवतेच. हे बघून नाचगाणं कोण बघेल?”

मरिनाल्वा खुर्चीवर बसली. जुसारानं तिच्या हातातून डबा घेऊन बाजूला ठेवला.

“तुमची मुलगी कधीपासून…?”

“साडेपाच वर्षं.”

“मी तुमची पहिली दोन पत्रं वाचली. पुढची वाचवेनात. पोरींना सांगितलं, फोटो पाठवून द्या. तेव्हाच खरं काय ते लिहायला हवं होतं. माझी चूक झाली.” तिनं बसून बर्फाची पिशवी परत गुडघ्यावर धरली. “रोज कुणीतरी विचारतं, खरीला कुठे पुरलं. आधी मी हसायची. मागच्या वर्षी माझी आई गेली. शेवटी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि कुणा शेजारणीनं तिच्या कानात भरवलं होतं की मी दुसरीच आहे. मी पाणी घेऊन गेले की तोंड फिरवायची. म्हणायची, बाई, तू कुणाची तरी लेक असशील, तुझ्या घरी जा, माझ्या पोरीला बोलव. मी तिच्यासमोर लहानपणची गाणी म्हटली, तिनंच शिकवलेली. तर म्हणाली, चांगली पढवलीय तुला.”

“मग?”

“मग काय. तशीच गेली.”

बाहेर माइकवाला मोजत होता. जुसारानं खुर्ची पुढे ओढली.

“तुम्हाला हवं असेल तर दोन मिनिटं मला पोरी म्हणा. मी काही बोलणार नाही. नुसती बसते.”

मरिनाल्वानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग तिच्या थंडगार गुडघ्यावर हात ठेवला आणि मान हलवली. नाही. लिंदासीच्या खिडकीत हलवायची तशीच.

“कंजिका खा,” ती म्हणाली. “गारच चांगली लागते.”

बाहेर जेनिवाल फाटकाला चिकटून उभा होता. “काय झालं? कबूल केलं तिनं?”

“ती ती नाही.”

“म्हणजे खोटीच! मी म्हणत होतो…”

“ती माझी जोसेलिया नाही, सेउ जेनिवाल. ती जुसाराच आहे. जिवंत आहे. पाय दुखतात तिचे.”

“कातडी बदलतात, दोना! हल्ली काय वाटेल ते करतात. तुम्ही नीट…”

“मी नीट बघितलं.”

जेनिवालचा चेहरा उतरला, मग लाल झाला. “त्यांनी तुम्हाला आत काय कबूल केलं? काय मिळणार आहे तुम्हाला?” ती फाटकापासून चालू लागली, तेव्हा तो मागून ओरडला. “मग मी पाच वर्षं कुणासाठी रडलो?”

खरं तर याचं तिला वाईटच वाटलं. पण तिच्यापाशी तेव्हा त्याला द्यायला काही नव्हतं. ती बस धरून घरी आली, क्रेउझाच्या दारात गेली आणि म्हणाली, “मंगळवारी येतेस का बरोबर?”

शवागारात लिंदासी अजून त्याच खिडकीत होती, केस तेवढे पांढरे. तिनं मरिनाल्वाला लगेच ओळखलं आणि खिडकीतून उठून बाहेर आली.

फाइल पातळ होती. उसाच्या शेतात, दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत. बाई, वय वीस ते पंचवीस. निळी जीन्स, पिवळा ब्लाउज, एक पैंजण. फोटोत नुसती माती आणि मातीच्या रंगाचे तुकडे, म्हणून तो खिडकीत कधी आला नव्हता. पुढचे दात किंचित फाकलेले, अशी एक ओळ हातानं लिहिलेली.

“दोना, मी पत्र टाकलं होतं.”

“आलं होतं.”

“मी सहा महिने थांबवून ठेवलं. त्या वेळी आईचं रक्त असेल तरच तपासणीला पाठवायचे. मग दोन हजार आठमध्ये पुरलं, नंबर देऊन.”

“नंबर कितवा?”

लिंदासीनं चष्मा काढला आणि घातला. “जागा अपुरी पडते म्हणून दोन वर्षांनी उकरतात. या मार्चमध्ये तो भाग उकरला. सगळे अस्थिगृहात गेले, एकत्र. आता वेगळं काढता येणार नाही.”

“म्हणजे ती होती की नव्हती, ते…”

“नाही सांगता येणार, दोना. कधीच नाही.”

मरिनाल्वानं बाही वर केली. “रक्त घ्या.”

“आता कशाशी पडताळायचं?”

“घ्या तुम्ही,” ती म्हणाली, आणि लिंदासीनं आतून माणूस बोलावून ते घ्यायला लावलं.

जेनिवाल पुन्हा आला नाही. क्रेउझाला सायबर कॅफेत कळलं की इंटरनेटवरच्या त्या मंडळींनी मरिनाल्वाला विकली गेली म्हणून जाहीर केलंय. नंतर तर कुणी असंही लिहिलं की करुआरूहून परत आली ती बाई मरिनाल्वा नव्हेच. कान जुळत नाहीत.

“मग खरी कुठे आहे म्हणतात?” मरिनाल्वानं खिसा जोडता जोडता विचारलं.

“जाऊ दे ना.”

“सांग.”

“मेली म्हणतात.”

मरिनाल्वानं दोरा तोडला आणि पुढचा तुकडा घेतला. ती पुढे सहा वर्षं जगली. क्रेउझानं आपली मशीन परत आणली होती. रेडिओवर जुसाराचं गाणं लागलं की क्रेउझा बंद करायला धावायची, तर ती म्हणायची, राहू दे, तिचं पोट आहे त्याच्यावर. रागावली ती फक्त स्वतःवर, आणि तो राग कुणाला काढता आला नाही. पाद्रीबाबा म्हणाले, तू जे केलंस ते आशेपोटी केलंस. ती म्हणाली, बाबा, मी आशेपोटी माझी पोरगी ढिगाऱ्यात टाकली असेल. आणि टाकली नसेल तर ती कुठेतरी आहे आणि मी तीन वर्षं टीव्ही बघत बसले. या दोन्हींतलं कुठलं बरं ते तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

त्या सहांतल्या पहिल्या वर्षी, नोव्हेंबरात मेलेल्यांच्या दिवशी, दोघी बहिणी रेसिफेच्या त्या दफनभूमीत गेल्या. दिवसभराचं ऊन, मेणबत्त्या विकणाऱ्या बायका, कबरी घासून धुणारी घरंच्या घरं. मरिनाल्वानं पिवळ्या शेवंतीची एक जुडी आणली होती. रखवालदारानं विचारलं, “कोणाला बघताय?” ती म्हणाली, “बिननावाचे कुठे असतात?” त्यानं मागच्या बाजूला हात केला.

मागे अस्थिगृहाची चुना लावलेली भिंत होती, लांबच लांब. तिच्यावर ना नाव, ना आकडा. मरिनाल्वा तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली. मग खाली बसून तिनं जुडी सोडली आणि एकेक फूल भिंतीच्या कडेनं ठेवत निघाली, हातभर अंतर सोडून. थोड्या वेळानं अंतर दोन हात केलं, तरी फुलं पुरेनात. अर्ध्यावर सुद्धा पोचली नाहीत.

“आणखी आणते फाटकावरून,” क्रेउझा म्हणाली.

“नको,” मरिनाल्वा म्हणाली, आणि शेवटच्या फुलाच्या पुढे, मोकळ्या भिंतीशी, जमिनीला टेकून बसून राहिली.